खांबावरचा शिपाई आणि उंबऱ्यातला शिपाई

एक जानेवारीला तुम्ही पोरं निफाडहून गाड्या करून भीमा कोरेगावला जाता. आम्ही एस.टी.नं जायचो. गर्दी आजच्यासारखी नव्हती, पण छाती तेवढीच फुगायची. १ जानेवारी १८१८ची लढाई, खांबावरची 'नाक' लावलेली बावीस नावं, १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब स्वतः तिथं आले ती हकीकत, हे सगळं एकमेकांना सांगत परत यायचो.

१९८०च्या आसपासची गोष्ट. असाच परत आलो आणि वस्तीतल्या एका म्हातारीला मोठ्या तोऱ्यात खांबाचा फोटो दाखवला. तिचा नवरा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होता. तो वारून बरीच वर्षं झाली होती. म्हटलं, आजी, हा बघ आपल्या शूरांचा खांब. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मनिआडर येत व्हती तव्हा मला नवरा व्हता बाबा. त्यो घरी आला आन मनिआडर बी ग्येली, नवरा बी ग्येला."

मग हळूहळू बोलत राहिली. तो दारात आडवा झोपायचा. झोपेत कुणी हात लावला तर गचांडी धरायचा. बूट रोज पुसायचा, चकचकीत करायचा आणि परत फडक्यात बांधून ठेवायचा, कारण बूट घालून चावडीपुढनं जायची सोय नव्हती. येसकरकीची पाळी आली की त्याला पाटलाच्या वाड्यापुढं उभं राहावं लागायचं. "पाटलानं हाक मारली का भाईर 'जी' म्हनायचा, आन घरात यिऊन आम्हाला कवायत शिकवायचा," ती म्हणाली. कवायत म्हणजे काय, ते तिनं पाठीवर हात नेऊन दाखवलं.

ही समीक्षा आहे, म्हणून तिचं बोलणं इथंच थांबवतो आणि कसोटी म्हणून हाताशी ठेवतो. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपलं साहित्य मी या दोन वाक्यांना घासून वाचत आलोय. त्यातून जे हाती लागलं ते असं: आपल्या लेखणीनं शिपाई खांबावर चढवला, अर्जात उभा केला, पोवाड्यात गायला. या तिन्ही ठिकाणी त्याचं तोंड सरकारकडे आहे. घराकडे तोंड वळवलेला, उंबरा ओलांडून आत आलेला शिपाई आपण अजून नीट लिहिलेला नाही. तो लिहिला नाही तोवर आपलं शौर्यगीत अर्धंच राहणार.

न परतलेल्यांची कविता

आधी प्रस्थापितांचं बघू. सदाशिवपेठी मराठीला शिपाई फार आवडतो, पण तो न परतलेला. कुसुमाग्रजांचं लहानपण आमच्याच तालुक्यात, पिंपळगाव बसवंतला गेलं. त्यांची सात मराठा वीरांवरची कविता शाळेत सगळ्यांनी पाठ केली, गाण्यात ऐकली. मोठी कविता आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती पूर्ण का होते? सातातला एकही परत येत नाही म्हणून. समजा त्यातला एक लंगडत गावी आला असता. बायकोनं काय म्हटलं असतं? त्याला झोप लागली असती का? पोरानं त्याला ओळखलं असतं का? कवितेला हे प्रश्न परवडले नसते. मेलेला वीर कुणाकडे काही मागत नाही. परतलेला मागतो. भाकर मागतो, काम मागतो, मान मागतो. म्हणून परतलेला नको असतो.

आता गंमत बघा. परतीच्या वेडाला जगात जो शब्द मिळाला तो आमच्या नाशिक जिल्ह्यातून गेला. देवळालीला १८६१पासून गोऱ्या सोल्जरांचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर विलायतेच्या बोटीची वाट बघत तिथं पडून राहायचे. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटायच्या. बोट हुकली तर पुढच्या हंगामापर्यंत उन्हाळा काढायचा, हिवतापात कण्हायचं, दारू प्यायची, काम काही नाही. त्यात माणसांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजी बोलीत शब्दच पडला, 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. लढाईच्या आणि घराच्या मध्ये अडकलेल्या माणसाला जो ताप चढतो, त्याचं नाव आमच्या गावावरून पडलं.

पण नाव पडलं ते गोऱ्याच्या तापाचं. त्या म्हातारीच्या नवऱ्याला चढलेल्या तापाला नाव कुणी दिलं? देवळालीच्या कुशीतल्या विहितगावात १९३० साली बाबूराव बागूल जन्मले. १९६३च्या 'जेव्हा मी जात चोरली होती'नं त्यांनी मराठी कथेला दणका दिला, झोपडपट्टीतल्या माणसाला त्याच्या सगळ्या आगीसकट उभं केलं. ती ताकद आपल्याकडे होती आणि आहे. तरी छावणीतून सुटून महारवाड्यात आलेला माणूस आपल्या कथेच्या मध्यावर आला नाही, कडेकडेनं निघून गेला. हा एकट्या लेखकाचा दोष मानू नका. आपण सगळ्यांनी मिळून त्या माणसाला खांबाकडे बोट दाखवून गप्प केलं.

भरतीचा अर्ज, परतीचा अर्ज

निफाडचा आणखी एक धागा. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली निफाडात जन्मले. १८ जानेवारी १९४३ला त्यांच्या १०१व्या जयंतीला बाबासाहेबांनी पुण्यात गोखले स्मारक मंदिरात भाषण केलं. 'रानडे, गांधी आणि जीना' म्हणून ते प्रसिद्ध आहे. राजकारणातल्या विभूतिपूजेची त्यात जी चिरफाड आहे तिच्यासाठी आपण ते वाचतो. पण सुरुवातीची एक छोटी हकीकत आपण उडी मारून ओलांडतो. बाबासाहेब सांगतात की वडिलांचे जुने कागद चाळताना त्यांना एक अर्ज सापडला. १८९२च्या हुकमानं महारांची लष्करभरती बंद झाली, त्याविरुद्ध महार लष्करी अधिकाऱ्यांनी सरकारकडे केलेला तो अर्ज. चौकशी केल्यावर कळलं की तो रानड्यांनी लिहून दिला होता.

एक पोरगा बापाच्या मागं राहिलेलं कागदाचं गाठोडं सोडतो. आपल्या समीक्षेनं सुरुवात इथून करायला हवी.

असे अर्ज एक नव्हे, अनेक झाले. फौजेतून सुटून दापोलीला राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली केला. शिवराम जानबा कांबळ्यांच्या पुढाकारानं दख्खनच्या महारांच्या परिषदेनं १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे केला. इतिहासकार त्यांना हक्काच्या लढ्याची पहिली पावलं म्हणतात. बरोबर म्हणतात. पण वाङ्मय म्हणून वाचा. अर्जाची भाषा काय? आमच्या बापजाद्यांनी रक्त सांडलं, आता आमच्या पोरांना पलटणीत घ्या. एक साधा प्रश्न विचारा: पेन्शन घेऊन घरी आलेला सुभेदार, हवालदार आपल्या पोराला परत छावणीतच का धाडू बघतो? लढाई इतकी गोड होती?

लढाई गोड नव्हती. पण छावणीत शाळा होती, पगार होता, हुद्दा होता. विटाळ तिथंही होताच, पण त्याच्यावर कवायतीचा चुना फासलेला होता. घरी आल्यावर तो चुना गळून पडायचा. रजिमेंटमध्ये ज्याला सलाम मिळायचा, त्याच्या वाटणीला गावात येसकरकी यायची, वतनाची राबणूक यायची. वतनाचा हा फास कायद्यानं सुटायला १९५८ साल उजाडावं लागलं. घर आणि छावणी यांत त्याला छावणी बरी वाटायला लागली, कारण घर एकटं नव्हतं. घराभोवती गाव होतं. म्हणून मी म्हणतो, हे अर्ज वरून भरतीचे आहेत, आतून परतीचे आहेत. परत आल्यावर जगता येत नाही, एवढंच ते सांगतात. पण सरकारशी बोलायचं म्हटल्यावर शौर्याचा दाखला द्यावा लागतो, रडगाणं चालत नाही. घरातली गोष्ट अर्जात बसत नाही.

आणि ही परत एकदाच झाली नाही. १८९२ला दार बंद झालं. १९१७ला पहिल्या महायुद्धात माणूसबळ कमी पडायला लागलं तेव्हा १११ नंबरची महार पलटण उभारली, १९२१ला मोडली. १९४१ला दुसऱ्या महायुद्धात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि १९४५-४६ला लढाई संपल्यावर हजारोंनी जवान फौजेतून मोकळे झाले. आपण या तारखा भरतीच्या तारखा म्हणून पाठ करतो. त्याच तारखा उलट्या धरून वाचा. त्या परतीच्या तारखा आहेत. प्रत्येक वेळी ट्रंक घेऊन माणसं महारवाड्यात उतरली. प्रत्येक वेळी कुठल्या तरी बाईनं दार उघडलं. तिनं काय पाहिलं?

सुभेदाराचं घर

हे लिहायचं कसं, याचा नमुना बाबासाहेबांनीच घालून ठेवलाय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटं आत्मकथन आपण अस्पृश्यतेच्या अनुभवांसाठी वाचतो. एकदा शिपायाच्या परतीची कहाणी म्हणून वाचून बघा. सुरुवातीलाच ते सांगतात की पूर्वज कंपनी सरकारच्या फौजेत होते, वडील सुभेदार होऊन निवृत्त झाले. कायमचं राहायचं म्हणून त्यांनी कुटुंब दापोलीला आणलं. मग काही कारणानं त्यांचं मन बदललं आणि कुटुंब साताऱ्याला गेलं.

'काही कारणानं' म्हणजे कोणत्या, ते तिथं येत नाही. आख्खी हयात लष्करात घालवलेला माणूस आपल्या मुलखात मुळं धरायला येतो आणि परत उठतो, एवढं आपल्या लक्षात येतं. ज्या समीक्षेला कान आहेत तिला या एका ओळीत केवढं तरी ऐकू यायला पाहिजे. सुभेदाराची वर्दी उतरली, पण मुक्काम संपले नाहीत.

मग मसूर स्टेशनची हकीकत. साल १९०१. आई गेलेली. सुभेदार गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल. उन्हाळ्यात पोरांना बोलावलेलं. पोरं नवे कपडे घालून, ऐटीत आगगाडीनं निघतात. वडिलांकडे धाडलेलं पत्र नोकराच्या चुकीनं पोचत नाही, म्हणून स्टेशनवर कुणीच नाही. स्टेशनमास्तर विचारपूस करतो, आणि महार म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेतो, आणि गाडी पोरांनीच हाकायची. रात्रभर डबा शेजारी, पण पाणी नाही. तहानेनं कोरडलेली पोरं दुसऱ्या दिवशी पोचतात.

या गोष्टीत सुभेदार जवळजवळ दिसतच नाही. तो दुसऱ्या टोकाला आहे, त्याला पत्ताच नाही. आणि गोष्टीची धार इथंच आहे. ज्या बापानं साम्राज्याची सीमा राखली त्याला आपल्या लेकरांची एक रात्र राखता आली नाही. त्याचा हुद्दा मसूरच्या फलाटावर उतरलाच नाही. बाबासाहेब बापावर रागावत नाहीत, त्याचा गौरवही करत नाहीत. ते फक्त नवे कपडे दाखवतात आणि कोरडा घसा दाखवतात. शिपायाचं शौर्य आणि शिपायाच्या पोराची तहान एका चौकटीत आली की पोवाड्याला जागा उरत नाही.

धनंजय कीरांच्या चरित्रात याच घराची पुढची पानं सापडतात. सुभेदारांनी दुसरं लग्न केलं, आणि पोराला सावत्र आई मानवली नाही. घरात पहाटेची भजनं, शिस्त, धाक. मुंबईला परळच्या चाळीत एकच खोली. तिथं पोरानं लवकर निजायचं, बापानं दोन वाजेपर्यंत जागायचं आणि मग पोराला अभ्यासाला उठवून आपण आडवं व्हायचं.

हा प्रसंग आपण भाषणात 'बाबासाहेबांचे कष्ट' म्हणून सांगतो. मला त्यात बाप दिसतो. शिपायाला येतं काय? पहारा. घरी आल्यावर तो पहाऱ्याचं काय करतो, यावर सगळं ठरतं. आमच्या वस्तीतला तो ब्रह्मदेशवाला दारात आडवा पडून नसलेल्या शत्रूचा पहारा करत राहिला. रामजीबाबांनी पोराच्या दिव्याचा पहारा केला. दोघंही एकाच जातीचे, दोघंही शिपाई. एकाला पेन्शन होती, लिहितावाचता येत होतं, मुंबईची खोली होती. दुसऱ्याला येसकरकी होती. हा फरक नशिबाचा नव्हे, परिस्थितीचा आहे. आणि तो लिहिणं हे साहित्याचं काम आहे.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. जुलै १९४५मध्ये सरकारनं पुनर्वसन आणि रोजगाराचं नवं खातं उघडलं, फौजेतून मोकळ्या होणाऱ्या शिपायांना कामाला लावायला. आपल्या देशातल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची सुरुवात तिथं झाली. तेव्हा केंद्रात मजूर खातं सांभाळत होते बाबासाहेब. म्हणजे परतलेल्या शिपायाचं पुढं काय, हा प्रश्न सरकारी टेबलावर आला तेव्हा टेबलामागं एका परतलेल्या सुभेदाराचा पोरगा बसलेला होता. पुढं ती खिडकी सगळ्यांना खुली झाली. आमच्या पिढीनं त्या खिडकीपुढं वर्षानुवर्षं रांगा लावल्या, कार्डं रिन्यू केली, शिव्या घातल्या, कविता लिहिल्या. रांगेतला बेकार पोरगा आपल्या कवितेत आला. ती खिडकी ज्याच्यासाठी उघडली तो आपला बाप त्या कवितेत आला नाही.

दाराबाहेर

जगात हा माणूस लिहिला गेलाय. जर्मनीत वोल्फगांग बोर्शर्ट नावाचा पोरगा होता. लढाईत आणि तुरुंगात शरीर मोडलेला. त्यानं परतलेल्या सैनिकावर एक नाटक लिहिलं, नावाचाच अर्थ 'बाहेर, दारासमोर'. नायक बेकमान सैबेरियातून येतो तर बायकोजवळ दुसराच. तो एकेक दार ठोठावतो, एकही उघडत नाही. कर्नलच्या घरी जाऊन म्हणतो, तुम्ही माझ्यावर टाकलेली अकरा माणसांच्या मरणाची जबाबदारी परत घ्या, मला झोप येत नाही. कर्नल हसतो. हे नाटक २१ नोव्हेंबर १९४७ला रंगभूमीवर आलं. आदल्या दिवशी बोर्शर्ट मेला होता. वय २६.

बेकमानला लढाईनं दाराबाहेर काढलं. आपला शिपाई लढाईला जायच्या आधीपासूनच दाराबाहेर होता, गावकुसाबाहेर होता. तेव्हा बेकमानचं दुःख उचलून त्याच्यावर पांघरून चालणार नाही. पण कर्नलचं दार ठोठावणारी ती धिटाई मात्र उचलण्यासारखी आहे. आपल्या अर्जांनी सरकारकडे पगार मागितला, हुद्दा मागितला. माझी झोप परत द्या, असं सरकारला कोण म्हणालं?

आपल्याला जवळचे ते अमेरिकेतले काळे. म. ना. वानखड्यांनी त्यांच्या लेखनाकडे आपलं लक्ष वेधलं, १९७२ला पँथर हे नावच आपण तिकडून घेतलं. तिथं १२ फेब्रुवारी १९४६ला आयझॅक वुडर्ड नावाचा काळा सैनिक दुसऱ्या महायुद्धातून सुटून बसनं घरी निघाला होता. अंगावर वर्दी तशीच. वाटेत गोऱ्या पोलिसांनी उतरवून मारलं, दोन्ही डोळे फोडले. मारणारा पोलीस अधिकारी कोर्टात सुटला. ज्या दिवशी नोकरीतून मोकळा झाला त्याच दिवशी आंधळा झाला. मसूर स्टेशन आणि तो बसचा रस्ता यांत अंतर किती, तुम्हीच मोजा.

पण काळ्या लेखकांनी या अन्यायापाशी लेखणी ठेवून दिली नाही. टोनी मॉरिसनची 'होम' ही छोटी कादंबरी २०१२ची. फ्रँक मनी कोरियाच्या युद्धातून येतो. गोऱ्यांच्या अमेरिकेत त्याला जागा नाही, हे आहेच. पण त्याच्या डोक्यात एक कोरियन पोर मेलेली आहे. आधी तो सांगतो की दुसऱ्या शिपायानं तिला मारलं. पुष्कळ पुढं गेल्यावर कबूल करतो की मीच मारलं. मॉरिसननं आपल्या माणसाचं पाप लपवलं नाही. तिनं त्याला गोऱ्याच्या जुलमाआड उभं राहू दिलं नाही. आणि त्याच्या बहिणीला बरं करतात त्या गावातल्या काळ्या बायका. कादंबरीची ताकद या कबुलीतून येते.

आपली कबुली

इथं मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. आपली समीक्षा वेदना, विद्रोह, नकार हे तीन शब्द घेऊन चालली. त्यांनी मोठं काम केलं. पण त्यांचा वापर कधीकधी झाकणासारखा झाला. आपल्या माणसानं घरात केलेला जुलूम लिहिला की, 'शत्रूच्या हाती कोलीत देता का?' दया पवारांच्या 'बलुतं'नं १९७८ला गोदीत राबणारा, दारू पिणारा बाप जसा होता तसा मांडला, तेव्हा आपल्यातल्याच काहींना ते रुचलं नव्हतं. आज तेच पुस्तक आपलं भूषण आहे. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ला पुस्तकरूपानं आलं. महारवाड्यातल्या सुनेचे हाल, नवऱ्याचा मार, सासूचा जाच त्यांनी सांगितला, आणि त्याच दमात बाबासाहेबांची चळवळही सांगितली. एकामुळं दुसऱ्याला कमीपणा आला नाही. गावाच्या गुलामाच्या घरात आणखी एक गुलाम होती, हे सांगायला बाईच लागली.

परतलेल्या शिपायाची गोष्ट या वाटेनं जायला पाहिजे. गावानं त्याला बूट घालू दिले नाहीत, हे लिहा. पण त्या बुटांचा राग कुणाच्या पाठीवर उतरला, तेही लिहा. एक अर्धं लिहिलं तर पोवाडा होईल, दुसरं अर्धं लिहिलं तर बदनामी होईल. दोन्ही अर्धी जोडली तर साहित्य होईल.

आणखी एक धोका. सगळं जातीवर ढकलू नका. ब्रह्मदेशच्या रानात जे दिसलं, शेजारचा मेला, आपल्या हातानं मारला, त्यानं जी झोप उडाली ती जात नसती तरी उडाली असती. लढाई माणसाला आतून पोखरते, मग तो महार असो, मराठा असो की जर्मन. आपल्या माणसावर दोन ओझी होती, लढाईचं आणि गावाचं. दोन्ही मोजली पाहिजेत. एकात एक मिसळून टाकली तर त्या माणसाला आपण परत एकदा नमुना करून टाकतो, माणूस राहू देत नाही.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. निफाड तालुक्यात ओझरला १९६४पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, शेजारी देवळालीला तोफखान्याची शाळा. आपल्या वस्त्यांतून पोरं आजही भरतीला पहाटे पळतात. नोकरी म्हणून पळतात, त्यात वावगं काय? काही वर्षांनी ती परत येतात. कुणी साखर कारखान्याच्या फाटकावर वॉचमन लागतं, कुणी लासलगावच्या कांदा मार्केटात काट्यावर उभं राहतं. सुटीला यायचा तेव्हा मिठाई आणणारा बाप कायमचा घरी आला की पोरांना परका वाटतो, त्याला पोरं बेशिस्त वाटतात, आणि मध्ये आई भरडली जाते. आता येसकरकी नाही. मग हा ताप कशाचा? याचं उत्तर जुन्या घोषणेत मिळणार नाही. बसून ऐकावं लागेल.

म्हणून लिहिणाऱ्या पोरांना माझं सांगणं थोडक्यात. येत्या एक जानेवारीला कोरेगावला जरूर जा. खांबाला हार घाला, मीही येईन. बाबासाहेब तिथं गेले होते आणि तो खांब आपल्याला ताठ उभं राहायला शिकवतो. पण निघायच्या आधी घरातली, शेजारची पत्र्याची ट्रंक उघडा. डिस्चार्जचा कागद, मनिऑर्डरच्या पावत्या, पेन्शनचं बुक, जे असेल ते बाहेर काढा. बाबासाहेबांना बापाच्या कागदांत अर्ज सापडला. तुम्हालाही काहीतरी सापडेल. मग ते कागद घेऊन आजीपुढं, आईपुढं बसा आणि एकच विचारा: तो घरी आला त्या दिवशी काय झालं?

मी त्या म्हातारीला हे विचारलं नाही. खांबाचा फोटो खिशात घातला आणि मीटिंगला उशीर होतोय म्हणून उठलो. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्याकडे जे होतं त्यातली दोन-चार वाक्यं तेवढी माझ्याजवळ राहिली, ती तुमच्या हवाली केली.

जयभीम.